मिठाची वर्दी : मुळास केव्हां कळतें आणि पानावर केव्हां दिसतें

खाडीकांठच्या कास्तकारास मिठाची ओळख करून द्यावयास नको. नायगांव स्टेशनांत उतरून खाडीच्या अंगास चालूं लागलें म्हणजे मिठागरें, खाजणें, तिवरांची झाडी आणि त्यांस लागून उरलींसुरलीं भाताचीं शेतें दृष्टीस पडतात. वसईची खाडी अहोरात्रांत दोन वेळां भरते व दोन वेळां ओसरते. बांध धड आहे आणि उघाडीची झडप नीट बसते आहे, तोंवर आंतलें तें शेत. बांधास भगदाड पडलें कीं तेंच खाजण. ही गोष्ट इतकी महत्त्वाची कीं तिच्यासाठीं १९४८ सालीं मुंबई प्रांतांत खारजमिनींचा स्वतंत्र कायदा झाला व पुढें १९७९ सालीं महाराष्ट्र राज्यानें खारजमीन विकासाचा अधिनियम केला. परंतु खारें पाणी शेतांत शिरल्यावर रोपाच्या अंगांत काय घडतें हें कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. तें अलीकडे शास्त्रज्ञांनीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्याची हकीकत आपल्या शेतकरी बंधूंपुढें ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास आमचीच एक चूक कारण झाली, ती प्रथम सांगतों. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, भाद्रपद अमावास्येच्या उधाणास खाडीकांठच्या एका गांवीं बांध फुटला. पांचव्या दिवशीं पंचनाम्यासाठीं आम्ही तेथें गेलों. पाणी ओसरलें होतें. भात पोटरींत होतें. पानें हिरवींगार व ताठ दिसत होतीं. पंच बांधावर उभे होते. आम्हीं मजकूर लिहिला, "पाणी ओसरलें आहे. पीक हिरवें आहे. नुकसान दिसून येत नाहीं." शेताचा मालक वृद्ध होता. तो हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, पान हिरवें आहे हें मलाहि दिसतें. पण मुळास कळलें आहे, पानास अजून कळायचें आहे. चार दिवस थांबा आणि मग लिहा." आम्ही थांबलों नाहीं. कागद त्याच दिवशीं रवाना झाला. दसऱ्यानंतर त्या वाटेनें पुन्हां जाण्याचा योग आला. दाणा भरलेली लोंबी वांकते. ह्या लोंब्या सरळ उभ्या होत्या. हातांत चुरडून पाहिल्या तों पोचट. म्हातारा बांधावर बसला होता. त्यानें आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. "आतां लिहा" एवढेंच म्हणाला. परंतु आतां लिहिण्यास प्रकरण उघडें राहिलें नव्हतें.

"मुळास कळलें आहे" हें त्याचें वाक्य त्या वेळीं आम्हांस जुन्या माणसाची समजूत वाटली. निवृत्तीनंतर फावल्या वेळीं वाचन करूं लागलों, तेव्हां तेंच वाक्य प्रयोगशाळांतून सिद्ध झालेलें आढळलें. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

पेशींतील उघाडी

वनस्पतीचें शरीर डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक पेशींचें बनलें आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं एक पातळ पडदा असतो व आंत रस असतो. ह्या रसांत कॅल्शियम, म्हणजे चुन्यांत असणारें द्रव्य, अत्यंत थोडें असतें. पेशीच्या बाहेर, तसेंच पेशीच्या पोटांतील पाण्याच्या कोठींत, तें त्याच्या सुमारें दहा हजार पट असतें. तेव्हां प्रत्येक पेशी ही एक लहानशी खारजमीनच समजावी. बाहेर भरतीचें पाणी चढलेलें, आंत कोरडें, मध्यें बांध, आणि बांधास ठिकठिकाणीं उघाड्या. थंडी पडली, कीड लागली, वाऱ्यानें पान हललें किंवा मीठ येऊन भिडलें, कीं ह्या उघाड्या क्षणभर उघडतात व कॅल्शियम आंत धांवतें. लगेच पेशी तें उपसून बाहेर टाकूं लागते. हा जो कांहीं सेकंदांचा चढउतार, तीच संकटाची वर्दी होय. पेशींतील कारभारी ही वर्दी वाचतात व पुढील हुकूम सोडतात.

अडचण अशी होती कीं ही वर्दी पाहावी कशी ? पेशी फोडून रस काढला तर जिवंतपणा गेला आणि त्याबरोबर वर्दीहि गेली. जिवंत पेशीच्या पोटांत दिवा ठेवावा आणि कॅल्शियम चढलें कीं त्याची ज्योत मोठी व्हावी, अशी कांहीं युक्ति पाहिजे होती. तसा दिवा समुद्रांत सांपडला.

जेलीमाशाचा दिवा

रात्रीं वल्हें मारतांना खाडीचें पाणी कधीं कधीं निळसर चमकतें, हें आमच्या कोळी बंधूंस ठाऊक आहे. समुद्रांतील कित्येक जीव आपल्या अंगचा प्रकाश पाडतात. जपानांतून अमेरिकेंत गेलेले ओसामु शिमोमुरा हे शास्त्रज्ञ १९६१ च्या उन्हाळ्यांत तेथील पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर येथें अशाच एका जातीच्या जेलीमाशांचा अभ्यास करीत होते. त्या हंगामांत त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं सुमारें दहा हजार जेलीमासे पकडले. त्यांच्या कडा कापून, पिळून प्रकाश देणारें द्रव्य काढावें, हा बेत होता. परंतु काढतां काढतां प्रकाश विझून जाई. एके दिवशीं निरुपयोगी वाटणारा रस त्यांनीं मोरींत ओतला. मोरींत समुद्राचें पाणी पडत होतें. ओततांच ती निळ्या प्रकाशानें उजळून निघाली. समुद्राच्या पाण्यांतील कॅल्शियम त्या रसास मिळालें होतें ! अशा रीतीनें कॅल्शियम भेटतांच प्रकाश देणारें एक प्रथिन हातीं आलें. त्यास 'एक्वोरिन' असें नांव दिलें. त्याच जेलीमाशांत आणखी एक हिरवा प्रकाश देणारें प्रथिन सांपडलें. त्याचें महत्त्व पुढें येईल.

येथें दोन प्रकारच्या प्रकाशांतील भेद ध्यानांत ठेवावा. काजवा आपल्या अंगच्या रसायनानें प्रकाशतो. त्यास बाहेरचा दिवा लागत नाहीं. एक्वोरिन ह्याच वर्गांतलें. दुसरा प्रकार प्रतिदीप्तीचा. बँकेंत नोट तपासण्याचें यंत्र असतें, त्यांतील जांभळ्या दिव्याखालीं नोट धरली म्हणजे तिच्यावरील आंकडे व बारीक धागे चकाकूं लागतात. दिवा काढला कीं चकाकी नाहींशी. एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देणें, हीच प्रतिदीप्ति. पेशींतल्या वर्द्या पाहण्यास हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरला, कारण त्याचा प्रकाश पुष्कळ ठळक असतो आणि एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं निराळी दिसते.

कॅल्शियम भेटलें कीं ज्यांची प्रतिदीप्ति बदलते असे कृत्रिम रंग रॉजर त्स्येन ह्या शास्त्रज्ञानें तयार केले. त्यांपैकीं 'फ्युरा-२' नांवाचा रंग १९८५ सालीं प्रसिद्ध झाला व जगभर वापरला गेला. रंग पेशींत घालण्याची त्यांची रीत मोठी चतुर आहे. रंगास एक रासायनिक अंगरखा चढवितात. त्या वेषांत तो पेशीचा पडदा सहज ओलांडतो. आंत गेल्यावर पेशींतीलच पाचकें तो अंगरखा कापून टाकतात, आणि मग रंगास बाहेर पडतां येत नाहीं.

दुसरी चतुराई मोजमापाची. एखादी पेशी अधिक चमकली तर तेथें कॅल्शियम अधिक आहे म्हणून, कीं तेथें रंगच अधिक शिरला म्हणून ? आमच्या जुन्या धंद्यांतला दाखला देतों. नुसती रास पाहून पीक सोळा आणे कीं आठ आणे हें सांगतां येत नाहीं. ती रास किती गुंठ्यांची हें कळलें पाहिजे. पूर्वींची आणेवारी काय किंवा सांप्रतची पैसेवारी काय, दोन्हींत एकाचें दुसऱ्याशीं प्रमाणच पाहावयाचें असतें. फ्युरा-२ वर आळीपाळीनें दोन निरनिराळे जांभळ्यापलीकडचे किरण टाकतात. कॅल्शियम चढलें कीं एका किरणाखालील चमक वाढते व दुसऱ्याखालील घटते. ह्या दोहोंचें प्रमाण काढलें म्हणजे रंग कमी शिरला कीं अधिक, हा घोळ राहत नाहीं. पुढें त्याच शास्त्रज्ञाच्या मंडळींनीं १९८९ सालीं सोडियम मोजणारेहि असे रंग केले. आपल्या दृष्टीनें ही मोठी गोष्ट आहे, कारण मिठांतील घातक भाग तो सोडियमच.

रोपाच्या अंगांत दिवा

रंग बाहेरून घालावा लागतो व झाडाची पेशी, तिच्या जाड भिंतीमुळें, तो सहजासहजीं घेत नाहीं. म्हणून जीवानें आपला दिवा आपणच तयार करावा, अशी पुढची पायरी आली. जेलीमाशांतील हिरव्या प्रथिनाचा जनुक डग्लस प्रॅशर ह्यांनीं शोधून १९९२ सालीं प्रसिद्ध केला. मार्टिन चाल्फी ह्यांनीं १९९४ सालीं तो सूक्ष्म जंतूंत व कृमींत घालून ते जीव हिरवे चमकविले. १९९७ सालीं त्स्येन ह्यांच्या प्रयोगशाळेंत 'कॅमेलियन' नांवाचा दर्शक तयार झाला. त्यांत दोन रंगांचीं दोन प्रथिनें एका लवचिक दुव्यानें जोडलेलीं असतात; कॅल्शियम चिकटलें कीं दुवा मुडपतो, दोन्ही प्रथिनें जवळ येतात आणि प्रकाश निळ्याकडून पिवळ्याकडे झुकतो. २००१ सालीं जपानांत जुनिचि नाकाइ ह्यांनीं एकाच हिरव्या प्रथिनाचा दर्शक केला. त्यास 'जीकॅम्प' म्हणतात, व त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज पुष्कळ ठिकाणीं वापरांत आहेत. २००८ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी व त्स्येन ह्या तिघांस मिळालें. ज्यांनीं जनुक शोधून इतरांस दिला ते प्रॅशर त्या वेळीं संशोधन सुटल्यामुळें मोटारीच्या एका दुकानाची गाडी हांकीत होते. पेरणारा एक व कापणारा दुसरा, हा न्याय शेतांतच चालतो असें नाहीं.

वनस्पतींत हा दिवा प्रथम लागला तो १९९१ सालीं. स्कॉटलंडांतील एडिंबरो येथें मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस व त्यांचे सहकारी ह्यांनीं तंबाखूच्या कुळांतील रोपांत एक्वोरिनचा जनुक घातला. रोपास नुसता स्पर्श केला, किंवा थंड पाणी लागूं दिलें, कीं तत्काळ प्रकाशाचा झोत उठे. झाडास स्पर्श कळतो ही गोष्ट भारतीयांस अगदींच नवी नाहीं. जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्यास लाजाळूवर विजेच्या उपकरणांनीं केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याच लाजाळूवर जपानांतील सैतामा विद्यापीठाच्या मंडळींनीं २०२२ सालीं प्रकाशदर्शकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पान मिटण्याच्या सुमारें एक दशांश सेकंद आधीं देंठाच्या सांध्यांत कॅल्शियमची लाट पोंचते, असें त्यांत दिसून आलें. इतकेंच नव्हे, तर ज्या लाजाळूचीं पानें मिटूं शकत नाहींत तीं टोळांनीं अधिक खाल्लीं.

मिठाची लाट

आतां आपल्या मुद्द्याकडे येतों. २०१४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत सायमन गिलरॉय, मासात्सुगु तोयोता व सहकारी ह्यांनीं मोहरीच्या कुळांतील आरबिडॉप्सिस नांवाच्या लहानशा रोपट्यांत कॅमेलियनचा सुधारलेला दर्शक घातला. रोपट्याच्या एका मुळाच्या टोंकास त्यांनीं मिठाचें पाणी लावलें. समुद्राच्या पाण्यांत मीठ असतें त्याच्या सुमारें पांचव्या हिश्शाचेंच तें होतें. लावतांच त्या टोंकापाशीं कॅल्शियमची लाट उठली, आणि पेशीमागून पेशी उजळीत ती मुळांतून वर चालूं लागली. वेग भरला सेकंदास सुमारें चारशें मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटास जवळजवळ अडीच सेंटिमीटर. मुळास मीठ लागलें, पानास त्याचा कणहि पोंचला नव्हता. तरी पानांतील पेशींनीं मिठाशीं झुंजण्याची तयारी आरंभली होती. वर्दी पोंचली होती.

तेव्हां त्या वृद्ध कास्तकाराचें म्हणणें अर्धें खरें ठरलें, आणि अर्धें त्याहून अधिक खरें ठरलें. मुळास कळलेंच होतें. परंतु पानासहि कळलें होतें. न कळलेला एकटा बांधावर उभा होता व हातांत कागद घेऊन लिहीत होता.

पानास कळलें तर तें हिरवें कसें राहतें, अशी शंका येईल. ह्याचें उत्तर मिठाच्या दुहेरी घातांत आहे. पहिला घात तत्काळ होतो. मातींतील पाणी खारें झालें कीं मुळास तें ओढणें जड जातें, आणि रोपाची वाढ मंदावते. ही मंदी रंगावरून दिसत नाहीं. पान हिरवेंच असतें, फक्त नवें पान हळू येतें. दुसरा घात सावकाश होतो. दिवसामागून दिवस सोडियम वर चढून जुन्या पानांत सांचत जातें, व सांठा सोसवेनासा झाला म्हणजे तीं पानें टोंकाकडून करपूं लागतात. ह्यास दिवस लागतात, कधीं आठवडे लागतात. पांचव्या दिवशींचें हिरवें पान हें ह्या दोन घातांच्या मधलें पान होय. शिवाय भातपीक दोन वेळां फार नाजूक असतें : एकदां रोप कोवळें असतांना, आणि एकदां पोटरी-फुलोऱ्याच्या सुमारास. दुसऱ्या वेळीं मीठ लागलें तर पानें तगतात आणि दाणा भरत नाहीं. आमच्या पंचनाम्याच्या शेताचें नेमकें हेंच झालें असावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कॅल्शियमची लाट म्हणजे नुकसान नव्हे. ती वर्दी आहे. वर्दी मिळाल्यावर झाड आपला बचाव करतें. १९९८ सालीं असें आढळलें कीं कॅल्शियमची वर्दी वाचणारें एक प्रथिन आरबिडॉप्सिसमध्यें आहे, व तें नसलेलें रोप थोड्या मिठानेंहि मरतें. तें वाचक प्रथिन दुसऱ्यास हुकूम देतें, दुसरें तिसऱ्यास जागें करतें, आणि तिसरें पेशींतील सोडियम बाहेर लोटतें. कचेरींत आवक, टिपण व हुकूम अशी जी साखळी असते तशीच ही. मग मीठ आलें हें पेशीच्या दाराशीं प्रथम ओळखतो कोण ? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत हा प्रश्न प्रकाशदर्शकानेंच सोडविला. एक्वोरिन घातलेल्या असंख्य रोपांवर मिठाचें पाणी घालून, सारीं उजळलीं तरी जें उजळलें नाहीं असें रोप शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें. त्या रोपाच्या पेशीपडद्यांत एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य बनत नव्हतें. सोडियम प्रथम चिकटतें तें त्या द्रव्यास, असा उलगडा झाला. अंधारांत राहिलेल्या एका रोपानें द्वारपाल दाखवून दिला.

विद्येच्या मर्यादा

नवी विद्या म्हटली कीं तिच्याविषयीं भलत्या कल्पना पसरतात, म्हणून चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. हीं चमकणारीं रोपें काळोख्या खोलींत, सूक्ष्मदर्शक व अतिसंवेदी कॅमेरा ह्यांच्या साहाय्यानें पाहावयाचीं असतात. शेतांत उभें राहून तीं चमकतांना दिसत नाहींत. चित्रांतील तांबडा-पिवळा रंग बहुधा गणकयंत्रानें आंकड्यांवरून भरलेला असतो. पानांतील हरितद्रव्य स्वतःच तांबूस चमकतें, तें वेगळें काढावें लागतें. दर्शक कॅल्शियमला चिकटतो, म्हणजे जी वर्दी पाहावयाची तिचाच कांहीं अंश तो अडवून धरतो. आणि तीव्र प्रकाश फार वेळ टाकला तर पेशीसच इजा होते. म्हणून जाणते शास्त्रज्ञ दर्शक थोडा व प्रकाश बेताचा ठेवतात. शेवटची गोष्ट, वरील प्रयोग बहुतेक आरबिडॉप्सिसवर झालेले आहेत. भाताचें मूळ पाण्यांत राहणारें, त्याची घडण निराळी. तेव्हां तेथील प्रत्येक आंकडा भातास जसाच्या तसा लावूं नये. लाटेची गोष्ट खरी. तिचा वेग आपल्या शेतांतील भाताचा समजूं नये.

उद्यां कोणी विक्रेता येऊन कॅल्शियमची बाटली दाखवील व म्हणेल कीं ही फवारा, मीठ बाधणार नाहीं. त्याचें ऐकण्यापूर्वीं विचार करावा. मुळाभोंवतीं कॅल्शियम पुरेसें असेल तर सोडियमचा त्रास कमी होतो, हें १९६९ सालींच अमेरिकेंत घेवड्याच्या झाडावर दाखवून झालें आहे. परंतु तें कॅल्शियम मुळाशीं पाहिजे, पानावर नव्हे. आणि आमच्या जमिनींत जें मीठ आहे तें खाडीचें आहे. तें धुऊन काढल्यावांचून गत्यंतर नाहीं, व धुण्याचें पाणी आकाशांतून फुकट मिळतें. बांध शाबूत ठेवून पावसाचें पाणी शेतांत साठवावें, ओहोटीस उघाडींतून सोडून द्यावें, पुन्हां साठवावें. ही आमच्या वाडवडिलांची रीतच अद्याप पहिली रीत आहे.

आपण काय करावें

ह्या सर्वांतून कास्तकारानें घ्यावयाचा बोध आमच्या मतें असा. पहिली गोष्ट, पानाच्या साक्षीवर विसंबूं नये. शेतांत शिरलेलें पाणी किती खारें आहे हें मोजण्याचें विद्युत्‌वाहकतेचें लहान यंत्र मिळतें. जमिनीच्या संपृक्त अर्काची वाहकता तीन डेसिसीमेन्सच्या पुढें गेली कीं भाताचें उत्पन्न घटूं लागतें, व पुढील प्रत्येक एककास सुमारें शेंकडा बारा घटतें, असें १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांत दिलें आहे. समुद्राच्या पाण्याची वाहकता पन्नासांच्या घरांत असते. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे उधाणाचें थोडें पाणी केवढा अनर्थ करतें हें उमगेल. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून असें एक यंत्र ठेवावें, व बांध फुटल्याच्या दिवसापासून रोजचा आंकडा, तारीख व वेळ एका वहींत टिपावी. तें टिपण पंचांपुढें ठेवावें. पान बोलेल तेव्हां बोलेल. वही त्याच दिवशीं बोलेल.

दुसरी गोष्ट, पाणी ताबडतोब काढावें. मुळास सेकंदांत कळतें. आपण निदान पहिल्या ओहोटीस जागें व्हावें. खारें पाणी शेतांत जितका वेळ उभें राहील तितकें सोडियम वर चढत राहील.

तिसरी गोष्ट, बियाणें. मीठ सोसणारें भात ही आमच्या किनाऱ्याची जुनी दौलत आहे. राता भात आमच्या आजोबांच्या ताटांत रोज असे. आज तो क्वचित् दिसतो. त्यांतून निवडलेलीं 'काळा राता १-२४' व 'भुरा राता' हीं नांवें मिठावरील भातसंशोधनाच्या ग्रंथांत देशोदेशीं आढळतात. कोंकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' ह्या जाती खारजमिनींसाठीं दिल्या आहेत. २००५ सालीं 'नोना बोकरा' ह्या बंगाली खाऱ्या भातांत असा एक जनुक सांपडला कीं जो वर चढणाऱ्या रसांतून सोडियम काढून घेतो व पानापर्यंत जाऊं देत नाहीं. आमच्या रात्याच्या अंगांतहि असें काय काय दडलें असेल, तें त्याचें बी शिल्लक असेल तरच पुढच्या पिढीस पाहतां येईल. ज्यांच्या घरीं मूठभर राता अजून आहे त्यांनीं तो दरसाल एका वाफ्यांत तरी लावावा, ही आमची हात जोडून विनंती आहे. खाऱ्या जमिनींत रोप जरा जून लावावें व एका चुडांत रोपें थोडीं अधिक धरावीं, हेंहि विसरूं नये.

चौथी गोष्ट तरुणांसाठीं. जिवंत पेशी प्रकाशानें पाहण्याचें काम मुंबईंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत व पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत चालतें. नायगांवच्या मुलास कुलाबा दूर नाहीं. खाडीकांठच्या घरांतील एखाद्या मुलानें अथवा मुलीनें ही विद्या शिकावी, आणि आरबिडॉप्सिस सोडून रात्याच्या मुळांत दिवा लावावा. ज्यांनीं मीठ भोगलें आहे त्यांस कोठें दिवा धरावा हें अधिक चांगलें कळेल.

शेवटीं पुन्हां त्या पंचनाम्याकडे येतों. त्या वेळीं आम्हांपाशीं यंत्र नव्हतें, ही विद्याहि नव्हती. म्हणून चूक क्षम्य, असें कोणी म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याची उभी हयात त्या बांधावर गेली तो माणूस समोर उभा राहून मुळाची वर्दी देत होता, आणि आम्हीं ती नोंदवून घेतली नाहीं. पानावर जें दिसलें तें लिहिलें. जें सांगितलें गेलें तें लिहिलें नाहीं. "मालकाचें म्हणणें असें कीं मुळास मीठ लागलें आहे, पुन्हां पाहणी व्हावी" एवढी एक ओळ पुरली असती. ती ओळ लिहिण्यास कोणताहि सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. तो कास्तकार आतां हयात नाहीं. त्याचें शेतहि खाजणांत गेलें आहे. ती राहिलेली ओळ आज ह्या मासिकांत लिहीत आहों.